बुडंल ते अंडं चांगलं

गुरुवार, १२ ऑगस्ट १९७१

कृपाबाईंनी ही वही दिली. म्हनल्या, "मनकर्णा, तू चौथी शिकलीस ना? मग ज्याचं भ्या वाटतं ते हितं लिव. कुनाला दावू नको. मला बी न्हाई." मी म्हनलं, बाई, मग वही पुरायची न्हाई. बाया हसल्या. मी काय हसवायला बोलले न्हवते.

कृपाबाई नगरच्या. किरिस्तावाच्या हायत. दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं येत्यात. त्यांच्या संस्थेनं आमा पंधरा बायांना दहा-दहा तलंगा दिल्यात, पांढऱ्या, इंग्लिश. आता त्या अंडी घालाया लागल्या. अंडी गोळा करायची, टोपलीत भुसा घालून एसटीनं नगरला धाडायची, असा धंदा. त्याचं मंडळ करायचं. मंडळाला अध्यक्ष पायजे.

आज बाईंनी आमाला शाळंच्या पडवीत बसवलं आन् म्हनल्या, "ज्या मानसाला तुमी लई भेता, त्येचं सोंग करून दावा."

छबूबाई म्हनली, "बाई, आमी काय तमाशातल्या हाय व्हय?"

"न्हाई गं, छबूबाई. तमाशातल्या बाया भेत न्हाईत."

कुनी सासऱ्याचं केलं, कुनी तलाठ्याचं. माजी पाळी आली. मी पदर कमरंला खवसला, तळहातावर तंबाखू मळल्यावानी केलं, चिमूट व्हटात धरली आन् ऊसतोडीचा भिमाजी मुकादम झाले. "ए कोयता! हुभी काय ऱ्हायलीस, बुजगावनं हायस का? आधी गाडी भर, मंग बाकीचं!" बाया पोट धरून हसल्या. छबूबाई तर लोळली. मलाच कळंना एवढा आवाज कुठून आला. जसा काय दोन वर्सं माज्या घशात बसूनच हुता.

बाई म्हनल्या, "हीच आपली अध्यक्ष." समद्यांनी हात वर केले. मी न्हाई म्हनाया तोंड उघडलं. आवाज आला न्हाई. म्हून मी अध्यक्ष झाले.

शुक्रवार, १३ ऑगस्ट

घरात सांगितलं. ह्ये जेवत ऱ्हायले. आत्याबाई म्हनल्या, "अध्यक्षीनबाई, गोठ्यातलं शेन तेवढं काडा."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हनते. त्यांची मला लई भीती. त्यांना समदं कळतं. अंडं नुस्तं कानाशी न्हेत्यात, जरासं हलवत्यात आन् सांगत्यात, ह्ये कालचं, ह्ये चार दिसांचं, ह्ये गेलं. कदी चुकत न्हाईत.

खरं भ्या अंड्यांचं न्हाई. दसरा जवळ आलाय त्येचं हाय. दसऱ्याला भिमाजी मुकादम येतो, ऊसतोडीची मानसं ठरवाया. नवराबायको मिळून एक कोयता. एकट्या मानसाला अर्धा कोयता म्हनत्यात, आन् अर्धा कोयता मुकादम घेत न्हाई. गेल्या वर्सी मी पोटुशी हुते म्हून माजा दीर ह्यांच्यासंगं गेला. दीर आता मिलिट्रीत भरती झाला. ह्या वर्सी मलाच जावं लागंल. पोरगी पाच म्हयन्यांची हाय.

पोरीचं नाव हितं लिवत न्हाई. लिवलं की दिसतं. दिसलं की लागतं.

कृपाबाई म्हनल्या, तू गेलीस तर मंडळ कोन बगनार, लिवता तुलाच येतं. त्यांना वाटतं एवढं मुकादमाला सांगाया पुरंल. त्यांनी मुकादम बगितला न्हाई, माजं सोंगच बगितलंय.

गुरुवार, १९ ऑगस्ट

उद्या पोळा. आज दुसरं सोंग. छबूबाई नगरचा हाटेलवाला झाली. टोपीच्या जागी डोक्यावर टोपलं घातलं. मला बाई म्हनल्या, "तू मनकर्णाच हो. मंडळाची अध्यक्ष मनकर्णा."

त्येच येईना.

छबूबाई डोळे वटारून म्हनती, "ही अंडी हायती का गोट्या? चिमनीची घातली का काय?" बाया हसत्यात. मी पदर तोंडात धरून हुभी. "बोल की गं," छबूबाई टोपल्याखालून म्हनली, "मला मान अवघाडली."

मी म्हनलं, "तुमी म्हनाल तसं."

बाई म्हनल्या, "मनकर्णा, धंदा म्हंजी निम्मं चार लोकांपुढं हुभं ऱ्हानं हाय. हितं चुक, हस, परत कर. मुकादमाचा आवाज तुला येतो. मंग तुजा कुठं गेला?"

ह्ये त्यांनी सहज इचारलं. मी घरी येईपरेंत त्येचाच इचार करत आले. मला ठावं हाय कुठं गेला. पन लिवत न्हाई.

सोमवार, ३० ऑगस्ट

पोरगी रातीपून तापली. अंग चुलीवानी. आत्याबाईंनी कांदा ठेचून तळव्याला चोळला. दुपारी ताप उतरला. आता निजली हाय. अक्षार नीट येत न्हाई. तरी आज लिवते.

दोन वर्सामागं पौषात आमी ऊसतोडीला हुतो. माजं पयलं लेकरू, मुलगा, आठ म्हयन्यांचा. पाचटाच्या कोपीत झोळीत हुता. तांबडं फुटायच्या आधी त्येला ताप आला. मी हात लावला तर हात भाजला. मी पोराला उचललं, कारखान्याच्या डाक्टरकडं न्यायचं म्हून. मुकादम कोपीम्होरं हुभा. म्हनला, "आधी गाडी भर, मंग लेकरू."

मी पोराला झोळीत ठिवलं. गाडी भरली. मोळ्या डोक्यावरून न्हेऊन न्हेऊन भरली. एकदा बी तोंड उघडलं न्हाई. ह्ये पन बैलापाशी हुभे हुते, ह्ये बी बोलले न्हाईत. गाडी भरून कोपीत आले तवा पोरगा गार हुता.

मी न्हाई म्हनले असते तर? मुकादमानं काय मारलं असतं? मारलं असतं तर मारलं असतं.

त्या दिसापून आमी दोघं त्यावर एक शब्द बोललो न्हाई.

गुरुवार, २ सप्टेंबर

नगरहून निरोप आला. टोपलीत अंडी सडकी निघाली. गिऱ्हाइकानं फोडलं तर समदी खोली नासली म्हनं. परत असं झालं तर अंडी घेनार न्हाईत. मंडळ बंद.

आता बाईंनी नेम घातला. पान्यानं भरलेली बादली पडवीत ठिवायची. जी अंडी आनंल तिची समद्यांम्होरं पान्यात सोडायची. ताजं अंडं तळाला बुडतं, जुनं वर तरंगतं. तरंगलं की परत द्यायचं. आन् न्हाई कोन म्हननार? अध्यक्ष.

बाई सोताच एक भांडकुदळ म्हातारी झाल्या. लुगड्याचा बोंगा करून कमरंवर हात. "माजं अंडं परत देतीस? तुज्या लग्नात मी पापड लाटल्यात, भवाने!" आमी लई हसलो. किरिस्तावाच्या बाईला भवाने म्हनाया कुनी शिकवलं! पन मी काय म्हनले? म्हनले, "ऱ्हाऊ द्या, एवढं चालंल."

बाई येकदम नीट हुभ्या ऱ्हायल्या. "चालंल म्हनलीस की धंदा बसला, मनकर्णा. गोड बोल, हसून बोल, पन न्हाई म्हन."

मोठ्या बायांना न्हाई म्हनायचं. माज्या आईनं मला कदी शिकवलं न्हाई. कुनाच्याच आईनं शिकवलं नसंल.

गुरुवार, ९ सप्टेंबर

आज जे झालं ते लिवून ठिवते.

आज आत्याबाई सोता अंडी घिऊन आल्या. कदी येत न्हाईत, माज्याच हाती देत्यात. पडवीत समद्या बाया. आत्याबाईंनी पदरातून तीन अंडी काडली. कानाशी न्हेली न्हाईत. तशीच माज्या हातात दिली आन् माज्या तोंडाकडं बगत ऱ्हायल्या.

मी पान्यात सोडली. तिन्ही तरंगली. नुस्ती तरंगली न्हाईत, बादलीत नाचाया लागली.

समद्या बाया बादलीत वाकून बगाया लागल्या. माज्या बरगड्यांत कोंबडी फडफडावी तसं झालं. वाटलं बादलीत डोकं घालावं. कृपाबाई भिताडाला टेकून हुभ्या, काय मदत करीनात. मंग मी काय केलं, पदर कमरंला खवसला, मुकादम करताना खवसते तसा. त्यानं पाय जरा जमिनीला टेकले.

म्हनले, "आत्याबाई, ही घ्यायची न्हाईत."

"काय म्हनलीस?"

"न्हाईत घ्यायची."

"मोठ्यांदी बोल. मला कमी ऐकाया येतं."

मी वरडले, "तिन्ही सडकी हायत, आत्याबाई! मंडळ घेनार न्हाई!"

शाळंच्या कौलावरची कबुतरं उडाली. आत्याबाईंनी तिन्ही अंडी पदरात घेतली आन् चालत्या झाल्या.

आत्याबाईंना कमी ऐकाया येतं ह्ये मला ठावं न्हवतं. वय झालं. त्याबिगर त्यांना अंडं कळलं न्हाई असं व्हनार न्हाई.

घरी निघाले. वाटलं आज उंबऱ्याच्या भाईर काडत्याल. घरात गेले तर आत्याबाई भाकरी थापत हुत्या. पयली भाकरी माज्या ताटात टाकली. वर गुळाचा खडा ठिवला. गूळ सनाला काडत्यात. आज का दिला, कळंना. मनातला राग असा बी काडत असत्याल. मी भीत भीत खाल्ला.

गुरुवार, १६ सप्टेंबर

पितरपाठ चालू हाय. कृपाबाईंना छबूबाईनंच सांगितलं की दसऱ्याला मुकादम येनार. बाई म्हनल्या, आज त्येचंच सोंग लावू. छबूबाई मनकर्णा, मनकर्णा मुकादम.

छबूबाई पदर दातात धरून, मान खाली घालून, एक पाय दुसऱ्या पायावर चोळत हुभी ऱ्हायली. हुबेहूब मी. समद्या खिदळल्या. मला बी हसू आलं आन् लाज बी वाटली. अशी दिसते मी?

मी तंबाखू मळली. "काय कारभारीन, निघायची तयारी झाली का?"

छबूबाई माज्या आवाजात किनकिनली, "मुकादम, माजं लेकरू ल्हान हाय वो."

आन् माज्या तोंडातून आलं, "आधी गाडी भर, मंग लेकरू."

मी ठरवून म्हनले न्हवते. हसनं जागच्या जागी थांबलं. गावात समद्यांना ठावं हाय माज्या पोराचं. छबूबाईनं दातातला पदर सोडला. कृपाबाईंना काय ठावं न्हवतं, तरी त्या उठल्या आन् माज्याजवळ येऊन बसल्या. हळूच म्हनल्या, "ह्या आवाजाला तू भेतीस ना? तो आता तुज्यापाशी बी हाय. त्येच्या एकट्याचा ऱ्हायला न्हाई."

मंग उलटं सोंग केलं. छबूबाई मुकादम, मी मनकर्णा. मी न्हाई म्हनले. दोनदा म्हनले. पन समोर छबूबाई हुती, तिच्या नाकात मोरनी हुती. मुकादमाच्या नाकात मोरनी नसती.

मंगळवार, २१ सप्टेंबर

काल घट बसले. मुकादम शेजारच्या गावात येऊन गेला. तिथले तेवीस कोयते ठरले. आज ह्ये दगडावर कोयत्याला धार लावत हुते. दोन कोयते. मी दुसऱ्याकडं बगितलं तर ह्यांनी मान फिरवली.

पोरगी आता मी बोलले की माज्या व्हटाकडं बगती.

मंगळवार, २८ सप्टेंबर

आज खंडेनवमी. हत्यारं पुजायचा दिस. ह्यांनी दोन कोयते, कुऱ्हाड, खुरपं धुऊन पाटावर मांडली. आत्याबाईंनी हळदकुकू वाहिलं. पन फूल एकाच कोयत्याला ठिवलं. मी म्हनलं, आत्याबाई, ह्येला ऱ्हायलं. म्हनल्या, "फुलं सरली." परड्यात झेंडू तर मायंदाळ हुता. म्हातारपनी दिसत बी कमी असंल.

जेवनं झाली आन् भिमाजी मुकादम आला. खाटंवर बसला. त्येच्या जोड्याचा आवाज ऐकला आन् मी माघारी सरले. मी दाराआड, पोरगी कडंवर. छबूबाई आन् दोघी अंडी घिऊन आल्या हुत्या, त्या अंगनात तशाच थांबल्या.

मुकादम तळहातावर तंबाखू मळत म्हनला, "सहादेवा, पुजलेले कोयते दिसत्यात. तुजा एक कोयता धरला बरं का. दिवाळी झाली की गाड्या निघत्याल."

ह्ये जमिनीकडं बगत हुते.

"काय रं? कारभारीन तयार हाय ना? लेकराला बांधू की झोळी. त्यात काय."

ह्ये तरी बोलंनात. मी आत्याबाईंकडं बगितलं. त्या माज्याकडंच बगत हुत्या, त्या दिशी बादलीपाशी बगत हुत्या तशा. मी दाराच्या भाईर आले. कशी आले ठावं न्हाई. घसा बंद. त्येच पौषातलं बंद. पोरीचं बोट माज्या व्हटावर.

मंग माजा मोकळा हात आपोआप हलाया लागला. अंगठा पोरीच्या पाठीवरच तंबाखू मळत हुता. पदर खवसलेलाच हुता. आन् तो आवाज आला, त्येचाच.

"आधी लेकरू, मंग गाडी!"

मुकादम दचकून बगाया लागला. "काय म्हनली?"

"मोठ्यांदी बोलू का? आधी लेकरू! मंग बाकीचं! मी न्हाई येनार उसाला. मंडळ हाय माजं. अर्धा कोयता बी न्हाई आन् पुरा बी न्हाई!"

अंगनात छबूबाईला हसू फुटलं. तिनं तोंड दाबलं, मंग दुसरीला फुटलं. मुकादमाचा अंगठा अजून तळहातावर मळत हुता, हुबेहूब माज्यावानी. त्येनं आपल्या हाताकडं बगितलं, माज्या हाताकडं बगितलं. आन् तंबाखू टाकून धोतराला हात पुसला. तसं तिघी बी मोकळ्या हसल्या.

तो उठला. "सहादेवा, ह्या घरात राज कुनाचं हाय?"

मला वाटलं आता ह्ये माज्या अंगावर येत्याल. ह्यांनी पाटावरचा बिनफुलाचा कोयता उचलला आन् आढ्याला खवसला. म्हनले, "माजा कोयता अर्धाच हाय, मुकादम. तुमी दुसरा बगा."

"पुढल्या वर्सी माज्या दारात येशील, रं."

"आलो तर बगू."

मुकादम गेला. मी तिथंच बसले. पोरगी रडली न्हाई, मीच रडले. आता काय व्हईल? पुढल्या वर्सी खरंच त्येच्या दारात जावं लागलं तर? मुकादम अपमान इसरत न्हाई.

गुरुवार, ३० सप्टेंबर

दोन दिस ह्ये बोलले न्हाईत. आज खुराड्याचं दार नीट करत हुते. मी खिळे धरून हुभी. खिळ्याकडं बगत म्हनले, "मला बी जायचं न्हवतं."

"मंग बोलला का न्हाई?"

"तू बोलशील म्हून वाट बगत हुतो."

"आन् मी तुमच्या तोंडाकडं बगत हुते."

त्यांनी एक खिळा वाकडा ठोकला. काडला. परत ठोकला. मंग म्हनले, गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघतंय, तिथं नाव घालतो.

दोन वर्सामागं कोपीम्होरं बी आमी असंच एकमेकाच्या तोंडाकडं बगत हुतो का? त्ये बैलापाशी, मी झोळीपाशी. ह्यांना इचारलं न्हाई. त्यांचे डोळे भरले हुते. मी खिळे दुसऱ्या हातात घेतले.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

भाऊबीज झाली. आज पहाटं गाड्या गेल्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज वेशीपरेंत ऐकला. निम्मं गाव रिकामं झालं. छबूबाईची जाऊ गेली, तिचं चार म्हयन्यांचं लेकरू गाडीत पाचटावर निजलेलं. मी तिला आडवी गेले न्हाई. काय सांगनार? माजी भीती तिच्या गाडीत बसून गेली असं वाटलं, आन् मला बरं वाटलं न्हाई.

मुकादमानं जाताना आमच्या दाराकडं बगितलं न्हाई. त्येचं बी भ्या वाटतं. पाझर तलावाचं काम किती दिस चालंल, कुनाला ठावं. कोंबड्यांना रोग आला तर? नगरचा गिऱ्हाईक फिरला तर? कृपाबाई म्हनल्या, "पुढल्या गुरुवारी रोग आल्याचं सोंग करू." छबूबाई म्हनली, "मी कोंबडी हुते." ती लगीच मान टाकून पडली बी.

दुपारी बनूला मांडीवर घिऊन पडवीत बसले. बादली भरली. आत्याबाई अंडी घिऊन आल्या. मी हळू आवाजात म्हनलं, "बसा, आत्याबाई," तर त्यांना लगीच ऐकू आलं. आज त्यांनी एकेक अंडं कानाशी न्हेलं, जरासं हलवलं आन् मगच माज्या हातात दिलं. सातच्या सात तळाला बुडाली.

मंग त्या दिशी तीन अंडी का हलवली न्हाईत? इचारावं म्हनते. पन आत्याबाईंना इचाराया अजून भ्या वाटतं.